राजाच्या तळ्याचे नियम

दोस्तांनो, बोटीत बसलात, बोट निघाली, पण इंजिनाची धडधड नाही की धुराचा वास नाही, असं कधी झालंय? जर्मनीतल्या कोनिग्झे तलावावर असंच होतं. कोनिग्झे म्हणजे राजाचं तळं. चला, आज तिकडेच जाऊ.

आधी नकाशा उघडा बरं. जर्मनीचा आग्नेय कोपरा शोधा. तिथे बव्हेरिया राज्याचं एक टोक ऑस्ट्रियात घुसल्यासारखं दिसतं ना? त्याच टोकाला, आल्प्स पर्वतात, हा तलाव आहे. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर खरवडून इथली दरी खोल केली. मग बर्फ वितळलं आणि दरीत पाणी साठलं. लांबी सुमारे ८ किलोमीटर, रुंदी जेमतेम सव्वा किलोमीटर, पण खोली १९० मीटर! म्हणजे साठ मजली इमारत उभीच्या उभी बुडेल.

दोन्ही बाजूंना उभे कडे. काठावरच्या सेंट बार्थोलोमा या लाल घुमटांच्या चर्चला गाडीरस्ता नाहीच. बोटीने जा, नाहीतर डोंगर तुडवत. १९०९ सालापासून इथे प्रवासी बोटी विजेवर चालतात. म्हणून पाण्यावर तेलाचा तवंग नाही. मध्येच नावाडी बोट थांबवतो आणि तुतारीसारखं वाद्य वाजवतो. क्षणभर शांतता, आणि समोरचा कडा तीच धून परत ऐकवतो!

शेवटच्या थांब्यावर उतरून थोडं चाललं की ओबरझे हा धाकटा तलाव लागतो. त्याच्या काठाने पुढे पायवाट जाते आणि समोर दिसतो सुमारे ४७० मीटर उंचीचा रोथबाख धबधबा.

१९७८ साली हा सगळा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला. उद्यानाच्या मुख्य भागात वादळाने झाड पडलं तरी उचलत नाहीत. तुम्ही म्हणाल, "एवढं लाकूड फुकट गेलं की!" फुकट कसं? त्यात किडे राहतात, किड्यांसाठी सुतारपक्षी येतो, खोडावर शेवाळ आणि नवी रोपं उगवतात. शंभर वर्षांहून जास्त काळ इथून नाहीसं झालेलं दाढीवालं गिधाड २०२१ पासून पुन्हा सोडायला सुरुवात झाली. हे गिधाड मुख्यतः हाडं खातं. पण ते कोकरं पळवतं अशा गैरसमजाने माणसांनी त्याला मारलं होतं.

आता जरा गंभीर गोष्ट. तलावाच्या वर, कड्याच्या टोकाशी, धबधब्याने कोरलेला एक डोह आहे. त्यात पोहतानाचे फोटो इंटरनेटवर पसरले आणि तिथे झुंबड उडाली. जिथे वाट नव्हती तिथे वाटा पडल्या, झाडोरा तुडवला गेला, कचरा साठला. २०१९ साली दोन तरुण तिथे बुडून मेले. शेवटी २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी त्या जागेवर बंदी घालावी लागली. तुडवलेली झुडपं पुन्हा वाढावीत, म्हणून!

एकट्याने फोटो काढला तर काय बिघडतं, असं वाटतं खरं. पण तो बघून येणारे हजार जण त्याच गवतावर पाय ठेवतात. पावसाळ्यात आपल्याकडेही धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. ते वाचून चरफडण्याआधी या डोहाची आठवण करा. आणि सहलीला गेलात की वाट सोडू नका, ओल्या खडकाच्या कडेला जाऊ नका, खाऊचे कागद खिशात घालून घरी आणा. एवढं जमेल ना?

आता या आठवड्याचं कोडं. बोटीवरून वाद्य वाजलं आणि प्रतिध्वनी ४ सेकंदांनी ऐकू आला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मग कडा किती दूर? घाई करू नका हं! आवाज नुसता जात नाही, तो परतही येतो. उत्तर पुढच्या अंकात.