साखर पाहिली, लघवी तपासली का?

वैशाखातल्या एका दुपारी सत्तरीच्या एक आजी नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. नात एकोणीस वर्षांची, नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर. परतूर परिसरात उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून इन्सुलिनची कुपी त्या डबीत घालून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवतात. दहा वर्षांच्या साखरेच्या नोंदी वहीत होत्या. आजींनाही मधुमेह आहे. दोघींचे कागद एकाच पिशवीत होते, आणि ते चाळताना माझ्या ध्यानात आले की आजींच्या लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी दरवर्षी झाली होती, नातीची एकदाही नव्हती.

ही चूक माझीच. मुलगी सडपातळ, पायांवर सूज नाही, क्रिएटिनिन उत्तम, साध्या लघवीच्या अहवालात प्रथिन ‘निल’. एवढ्यावर मी निश्चिंत राहिलो होतो.

मूत्रपिंड म्हणजे अतिसूक्ष्म गाळण्यांचा समूह. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या गाळण्यांवर दाब वाढतो. प्रारंभी तर त्या अधिकच वेगाने काम करतात, त्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा निर्दोष दिसतो. याच काळात अल्ब्युमिन हे प्रथिन किंचित झिरपू लागते. साध्या पट्टीला ते दिसते, पण गळती बरीच वाढल्यावर. लघवीला फेस आणि चेहऱ्यावर सूज त्याच्याही नंतर. इन्सुलिन अचानक कमी लागू लागले म्हणून पेढे वाटणारे कुटुंब मी पाहिले आहे. प्रत्यक्षात थकलेली मूत्रपिंडे इन्सुलिनचा निचराच करीत नव्हती.

यासाठी हवी ती तपासणी म्हणजे लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. प्रयोगशाळेत ‘एसीआर’ म्हटले तरी कळते. सकाळची पहिली लघवी पुरते, उपाशी राहावे लागत नाही. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० ही धोक्याची पहिली पायरी. आमच्या मुलीचा आकडा आला ८६.

एका आकड्यावरून मात्र निदान करू नये. ताप, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, मासिक पाळी, फार चढलेली साखर, इतकेच काय, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावून आलेल्या मुलाची ती धावही हा आकडा वाढवते. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने पाहतात. त्यांतील दोन वाढलेले निघाले तरच गळती खरी. हिचे दोन निघाले.

टाइप १ मधुमेहात निदानाला पाच वर्षे झाली, आणि मूल दहा वर्षांचे झाले किंवा वयात आले, की ही तपासणी दरवर्षी करावी. म्हणजे या मुलीची चौदाव्या वर्षी सुरू व्हायला हवी होती. अलीकडे स्थूल मुलांत दिसणाऱ्या टाइप २ मधुमेहात तर निदान होताच करावी. तिथे मूत्रपिंडाची हानी अधिक वेगाने होते.

एवढ्याशा गळतीला इतके महत्त्व का, याचे उत्तर लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील व्हिबर्टी व सहकाऱ्यांनी १९८२ साली दिले. इन्सुलिनवरील ज्या ८ रुग्णांत अशी अल्प गळती होती, त्यांपैकी ७ जणांना चौदा वर्षांनी मूत्रपिंडाचा उघड विकार झालेला होता. गळती नसलेल्या ५५ जणांत केवळ दोघांना. पण २००३ साली बॉस्टनच्या जॉसलिन केंद्रातून आलेल्या अभ्यासात टाइप १ च्या निम्म्याहून अधिक रुग्णांची अशी गळती सहा वर्षांत लक्षणीय घटल्याचे दिसले. साखर व रक्तदाब आटोक्यात असलेल्यांना हा लाभ अधिक मिळाला. आजींना मी हा दुसरा अभ्यास आधी सांगितला.

नातीला एनालॅप्रिल सुरू केले. “हिला बीपी न्हाई, मग बीपीची गोळी कशाला?” हा आजींचा प्रश्न रास्त होता. ही गोळी गाळणीच्या आतला दाब उतरवते, म्हणून गळती घटते. आठवड्या-दोन आठवड्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन पाहावे लागते. घरातल्या थोरांनी आपल्या सांधेदुखीच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अशा मुलांना देऊ नयेत. ओळखीतून आलेली भस्मेही नकोत. आणि इन्सुलिनने किडनी बिघडते, ही समजूत गावोगाव आहे. ती ऐकून इन्सुलिन सोडणाऱ्यांचीच मूत्रपिंडे अधिक जातात.

टाइप १ च्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था काम करते. परतूरहून रेल्वे तिथवर जाते. या दोघींना मी तिकडचा रस्ता दाखवला आहे.

परवा आजी एकट्याच आल्या. नातीला स्थळ आले आहे. मधुमेहाचे सांगावे की लपवावे? मी म्हटले, आजी, सांगाच. सासरी चोरून इन्सुलिन घ्यायचे तर डोस चुकतात, तपासण्या बंद पडतात. शिवाय ही गोळी गर्भाला घातक आहे; मूल हवे असे ठरताच आधी आमच्याकडे येऊन ती बदलावी लागेल, आणि लपवलेल्या आजारात ते कसे जमणार? आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग पुढच्या नमुन्याची बाटली मागून घेतली आणि निघाल्या.