पहिला सीझन भारी, दुसरा का फसतो?

नगरपालिका, खड्डे, पाणी सोडून आज सीरिजवर लिहितोय म्हणून काहीजण कपाळाला आठ्या घालतील. घाला. पण आपल्या गावात संध्याकाळी सात ते दहा किती घरांत टीव्ही चालू असतो आणि दहानंतर किती अंथरुणांत मोबाईल चालू असतो, हे आठवा. गावाचे रोजचे इतके तास जिथे जातात तो विषय सार्वजनिकच म्हणायचा. शिवाय यात काही लोकांचं पोट अडकलंय, त्याबद्दल खाली लिहिलंय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

पहिला सीझन बघून वेड लागतं, चार जणांना "बघच" म्हणून सांगतो, वर्षभर वाट बघतो, आणि दुसरा सीझन आला की तिसऱ्या भागात मोबाईल बाजूला ठेवून झोपतो. असं का होतं? "डोक्यात हवा गेली", "पैसा आला की कला जाते" ही उत्तरं कट्ट्यावर ठीक आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. पहिला सीझन लिहायला वेळ मिळालेला असतो. दुसऱ्याला मिळते तारीख. त्यात गोष्ट संपलेली असली तरी ती संपू द्यायला कोणी तयार नसतं. हवा-बिवा नंतरची गोष्ट.

उदाहरण आपल्या मुंबईचंच घेऊ. 'सेक्रेड गेम्स'.

नेटफ्लिक्सची ही पहिली भारतीय मालिका. विक्रम चंद्रा यांची मूळ कादंबरी २००६ सालची, नऊशेच्या आसपास पानांची. म्हणजे माणसं, गल्ल्या, पोलीस, गुन्हेगार, सगळं कागदावर आधीच शिजून तयार होतं. मालिकेची घोषणा झाली जून २०१६ मध्ये आणि पहिला सीझन आला जुलै २०१८ मध्ये. दोन वर्षं. आठ भाग. सरताज सिंगचा भाग विक्रमादित्य मोटवानेंकडे, गायतोंडेचा अनुराग कश्यपकडे. आणि लेखन वरुण ग्रोव्हर, स्मिता सिंग, वसंत नाथ यांचं.

त्यातला काटेकर आठवतो ना? आपला जितेंद्र जोशी. मालिकेचे हिरो सैफ आणि नवाज, पण गावोगावी लोकांच्या लक्षात राहिला तो हा हवालदार. कारण असा माणूस आपण पोलीस स्टेशनला रोज बघतो. मनात थोडा आकस, थोडी माया, घरी बायको-पोरं, वर साहेबाचा राग. आणीबाणीपासून बाबरी आणि मुंबईच्या दंगलींपर्यंतचा काळ गायतोंडेच्या तोंडून येत होता, पण तो जमिनीला चिकटलेला होता. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर उभं राहिलेलं गोपाळमठ दिसत होतं. आंतरराष्ट्रीय एमीच्या २०१९ च्या नामांकनांत पहिला सीझन होता, ते उगाच नाही.

दुसऱ्या सीझनची घोषणा सप्टेंबर २०१८ मध्ये आणि तो आला १५ ऑगस्ट २०१९ ला. अकरा महिन्यांत. बरेचसे लोक तेच, पैसा भरपूर, पंकज त्रिपाठी, कल्की केकलाँ, आपली अमृता सुभाष असे एकापेक्षा एक कलाकार. तरी काय झालं? काटेकर पहिल्याच सीझनमध्ये मारला गेला होता, राधिका आपटेची अंजली माथुरही. गोष्टीचे पाय जमिनीला लावणारी माणसंच गेली. गायतोंडे केनियाला गेला, गुरुजींचा आश्रम आला, प्रवचनं आली, जगाचा अंत आला. पंचवीस दिवसांत काय होणार या एका प्रश्नावर आपण वर्षभर थांबलो होतो, आणि शेवटी बॉम्ब फुटला की नाही हेसुद्धा सांगितलं नाही. तिसरा सीझन आजतागायत नाही.

कोणी म्हणेल, हे तुमचं वैयक्तिक मत. असेल. पण तारखेचा मुद्दा माझ्या मनाचा नाही. तो खुद्द या धंद्यातल्या मोठ्या माणसाने कबूल केलेला आहे.

अमेरिकेत एचबीओवर जानेवारी २०१४ मध्ये 'ट्रू डिटेक्टिव्ह' आली. आठ भाग. आठही भाग निक पिझोलॅटो या एकाच लेखकाने लिहिलेले, आठही कॅरी फुकुनागा या एकाच दिग्दर्शकाने केलेले. लेखक लुईझियानात वाढलेला आणि गोष्टही तिथलीच. जगभर गाजली. चॅनेलला लगेच पुढचा सीझन हवा होता. जून २०१५ मध्ये तो आला. फुकुनागा नाही, दिग्दर्शक अनेक, गोष्ट कॅलिफोर्नियात. पार आपटला. पुढे जानेवारी २०१६ मध्ये एचबीओचे कार्यक्रमप्रमुख मायकल लोंबार्डो यांनी एका रेडिओ मुलाखतीत दोष स्वतःकडे घेतला. लेखकाला हवा तेवढा वेळ द्यायचा सोडून आम्ही पुढच्या वर्षीची तारीख गाठायच्या मागे लागलो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आता पुढचं बघा. तिसरा सीझन आला थेट जानेवारी २०१९ मध्ये, साडेतीन वर्षांनी, आणि तो लोकांना दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आवडला. लेखक तोच. फरक वेळेचा.

आपल्याकडची 'पंचायत' घ्या. पहिला सीझन एप्रिल २०२०, दुसरा मे २०२२. मध्ये दोन वर्षं. कोरोनामुळे का होईना, वेळ मिळाला. दुसरा सीझन फसला नाही, उलट शेवटच्या भागाला गावागावात लोक रडले.

आता दुसरं कारण. गोष्ट संपू न देणं.

'हीरोज' नावाची अमेरिकन मालिका २००६ साली एनबीसीवर आली. साध्या माणसांना अचानक शक्ती मिळतात, त्यात सेंधिल राममूर्तीने केलेला चेन्नईचा प्राध्यापकही होता. पहिला भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. निर्माता टिम क्रिंगच्या डोक्यात मूळ विचार होता की दर सीझनला नवी माणसं आणायची. पण पहिली माणसं एवढी लोकप्रिय झाली की त्यांना सोडवेना. पहिल्या सीझनच्या शेवटी खलनायकाच्या पोटात तलवार खुपसली, गोष्ट पूर्ण झाली, आणि लगेच गटाराच्या झाकणाकडे जाणारा रक्ताचा माग दाखवला. म्हणजे अजून जिवंत! तिथेच मालिका मेली, असं माझं मत. दुसरा सीझन सुरू होऊन दोन महिने होत नाहीत तोच क्रिंगने एका मुलाखतीत प्रेक्षकांची माफी मागितली. वेग कमी पडला, नवी पात्रं रेंगाळली, हे मान्य केलं. २०१० मध्ये चौथ्या सीझननंतर मालिका बंद.

याच्या उलट ब्रिटनची 'फॉल्टी टॉवर्स'. सहा भाग १९७५ साली, सहा भाग १९७९ साली. एकूण बारा. मध्ये चार वर्षं, आणि नंतर कायमचं बंद. पन्नास वर्षं झाली, लोक अजून नाव काढतात.

मराठीत बघा. 'दिल दोस्ती दुनियादारी' २०१५ मध्ये आली. सहा पोरं-पोरी, एक फ्लॅट, सासू नाही, कट नाही, विष नाही. आपल्या गावातली जी पोरं मालिका म्हटलं की नाक मुरडायची, ती रात्री साडेदहाला टीव्हीसमोर. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती संपली, तर किती ओरड झाली! मग २०१७ मध्ये 'दिल दोस्ती दोबारा'. तेच चेहरे, नवी नावं, नवी जागा. त्याच वर्षी गुंडाळली. कलाकार कच्चे नव्हते. पण पहिल्यांदा जे आपोआप जमलं होतं ते दुसऱ्यांदा जमवायला बसले की जमवल्यासारखंच दिसतं.

अपवादही सांगतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये सांगणारच. 'रात्रीस खेळ चाले'. २०१६ चा पहिला भाग चांगला होता, पण २०१९ चा दुसरा त्याहून गाजला. अण्णा नाईक आणि शेवंता तिथून घराघरांत गेले. का? कारण त्यांनी संपलेली गोष्ट पुढे ओढली नाही. मागे गेले. पहिल्या भागात जो माणूस मेलेलाच होता त्याची गोष्ट सांगितली. सांगायला काहीतरी नवीन होतं, आणि मध्ये दोन वर्षांहून जास्त काळ गेला होता. मग २०२१ मध्ये तिसरा आला आणि तो तसा लागला नाही. म्हणजे अपवादसुद्धा नियमाकडे वळला.

आता ते पोटाचं.

आपल्याच भागातला एक मुलगा मुंबईत मालिकांचे संवाद लिहितो. नाव, चॅनेल काही लिहित नाही, त्याच्या पोटावर पाय नको. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशे. एक भाग साधारण बावीस मिनिटांचा. हिशोब करा, वर्षाला शंभर तासांहून जास्त. 'सेक्रेड गेम्स'चे दोन्ही सीझन मिळून सोळा भाग, आणि त्यांचीही दमछाक झाली. या पोराला दर गुरुवारी टीआरपी आला की गोष्ट बदलायचा निरोप येतो. सकाळी शूटिंग असलेला सीन आदल्या रात्री लिहायचा. भागांची बँक नसते, आज लिहिलं ते परवा दिसतं. आणि पैसे? भाग दाखवल्यानंतर नव्वद दिवसांनी. मालिका मध्येच बंद पडली तर ते नव्वद दिवस किती लांबतील याचा भरवसा नाही. मालिका सुरू झाली तेव्हा पहिले दोन-तीन महिने तो जीव तोडून लिहायचा. नंतर, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, नुसता टाईप करतो. कारण मूळ गोष्ट तीन महिन्यांत संपली, पण स्लॉट संपला नाही.

आपण सोफ्यावर बसून म्हणतो, "काय फालतू लिहितात." फालतू लिहितात, खरं आहे. पण कोणत्या परिस्थितीत लिहितात तेही बघा.

अमेरिकेत लेखकांनी नोव्हेंबर २००७ पासून शंभर दिवस संप केला. 'हीरोज'चा दुसरा सीझन त्यातच अकरा भागांवर थांबला. २०२३ मध्ये पुन्हा १४८ दिवस संप केला. तिथे युनियनला मोठ्या स्टुडिओंना टेबलावर आणता आलं. आपल्याकडे मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, किमान अटींचा एक समान करार असावा ही मागणी ती वर्षानुवर्षं करते आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, लेखकाला रॉयल्टीचा हक्क मिळाला, आणि करारात लिहून दिला तरी तो सोडता येत नाही अशी तरतूद झाली. कायदा चांगला आहे. पण त्या मुलाला विचारलं, "तुला कधी रॉयल्टी मिळाली का?" तो नुसता हसला. आपले खासदार-आमदार मराठी भाषेवर भाषणं करतात, अभिजात दर्जाचे फ्लेक्स लावतात. रोज लाखो घरांत जी मराठी ऐकू येते ती लिहिणाऱ्याला नव्वद दिवस पैशाची वाट बघावी लागते, यावर कोणी सभागृहात तोंड उघडेल का?

प्रेक्षक म्हणून आपलाही यात हात आहे. चांगली मालिका संपली की आपणच "परत सुरू करा"चा गजर करतो. पाणी घातलं जातंय हे कळूनसुद्धा सवय म्हणून टीव्ही चालू ठेवतो. चॅनेलला तेवढंच कळतं, की चालू आहे. शेंगदाण्याच्या कूटात भुसा मिसळला तर आपण दुकानदाराच्या दारात जाऊन भांडतो. इथे महिन्याचं रिचार्ज भरून भुसा खातो आणि वर म्हणतो, "बघायला दुसरं आहे काय?"

माझी विनंती साधी आहे. जी गोष्ट पूर्ण झाली ती पूर्ण होऊ द्या. दुसऱ्या सीझनला दोन-तीन वर्षं लागली तर लागू द्या, आपण काही उपाशी मरत नाही. मालिका ताणायला लागली की बंद करा, आणि घरच्यांना सांगून बंद करा. आणि सुरुवातीच्या श्रेयनामावलीत लेखकाचं नाव येतं, ते एकदा वाचा. दिसत नसेल तर चॅनेलच्या पेजवर जाऊन विचारा, "लेखक कोण?" असं शंभर जणांनी विचारलं तर त्या आपल्या पोराचं बळ वाढेल.

कमेंटमध्ये एवढंच लिहा: कोणती मालिका नेमकी कुठे संपायला हवी होती, आणि का. मला शिव्या घातल्या तरी चालतील, पण कारण लिहा. आणि हो, पाणीपुरवठ्याची पोस्ट उद्या. विसरलेलो नाही.