टाकी नको, टाकीवाल्यांची सोबत हवी



मुलाच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फोटो मी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस दुसरा विषयच निघाला नाही. कुणी म्हणालं, किती सुंदर! कुणी विचारलं, जैनाच्या घरात मासे कसे? एकीने तर सरळच लिहिलं, "वहिनी, तुम्ही मुलाला काही बोलला नाहीत का?" याचं उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या घरात अशी टाकी नव्याने आणू नये. पण अशा टाक्या ठेवणारी माणसं एकमेकांना ज्या रीतीने धरून राहतात, ती रीत आपण जरूर उचलावी. या दोन्ही गोष्टी मी का म्हणते, ते वाचा आणि मग काय ते ठरवा.

आधी ही टाकी म्हणजे काय ते सांगते. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेलं सोनेरी माशांचं भांडं वेगळं. ही 'रीफ टाकी'. हिच्यात मुख्य मान माशांचा नसतो, प्रवाळांचा असतो. दिसायला प्रवाळ म्हणजे रंगीत झुडपं, पण ती बारीक बारीक जिवांची वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं आपल्या यजमानाला देतं. शेवाळाला आसरा, प्रवाळाला जेवण. म्हणून टाकीवर ते मोठे निळे-पांढरे दिवे असतात. शोभेपेक्षा पोटासाठीच.

मुलगा न्यू जर्सीत राहतो. त्याची टाकी ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटरची. मी तिथे पाच महिने होते. त्या पाच महिन्यांत मला कळलं की हा छंद कमी आणि घरकाम जास्त. रोज सकाळी उष्णता बघायची, २५-२६ अंश. पाण्याचा खारेपणा बघायचा, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ. पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून पातळी उतरली की गोडं पाणी घालायचं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमटी आटून खारट झाली की आपण तिच्यात मीठ घालतो का? दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे २८ लिटर, त्याला जवळजवळ एक किलो मीठ. आणि नळाचं पाणी चालत नाही, ते आधी शुद्ध करून घ्यायचं. सूनबाई म्हणते, "आई, तुमच्या सोवळ्यापेक्षा याचं सोवळं कडक आहे."

मला सगळ्यात आवडली ती त्याची वही. मी बी.कॉम. आहे, त्यामुळे आकड्यांची वही दिसली की हात शिवशिवतात. प्रवाळ आपला सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतात. लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम असावं लागतं. रविवारी मोजलं तर ४३०, पुढच्या रविवारी ४१०. फरक २०, तो झाला खर्च. तेवढंच मोजून घालायचं, ती जमा. जास्त घातलं तरी बिघडतं, कमी घातलं तरी बिघडतं. नवीन टाकीत तर पहिले चार-सहा आठवडे नुसतं पाणी आणि दगड ठेवून वाट बघायची. तेवढ्या काळात विषारी अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव दगडावर वाढतात, मगच बाकीच्यांना आत घ्यायचं. ज्याला धीर नाही, त्याने या वाटेला जाऊ नये असं मुलाचे मित्रही नवख्यांना सांगतात.

आता त्या मित्रांबद्दल. त्यांच्यात एक निवृत्त प्लंबर आहे, एक रात्रपाळीची नर्स आहे, एक कोरियन कॉलेजकुमार आहे, एक शाळेतली बाई आहे. एरवी ही माणसं एकमेकांच्या ओळखीचीसुद्धा झाली नसती. मला रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या मेळाव्याला नेलं. लांबलचक टेबलं, उथळ काचपात्रं आणि त्यांत बोटाच्या पेराएवढे प्रवाळाचे तुकडे. त्याला ते 'फ्रॅग' म्हणतात. मोठ्या वसाहतीचा एक फाटा कापायचा, छोट्या चकतीवर चिकटवायचा, की तो नवीन जागी वाढू लागतो. काही दुर्मीळ तुकड्यांना शंभर-दोनशे डॉलरही पडतात. पण निम्मी देवाणघेवाण फुकटची होती. देणाऱ्याची अट एकच, तुझ्याकडे वाढला की तूही कुणाला तरी दे.

यात उपकाराबरोबर शहाणपणही आहे. नर्सबाईंनी मला सांगितलं, "माझी टाकी दोनदा बसली. पण मी दिलेले तुकडे चार घरांत होते, तिथून परत मिळाले." मला लगेच आपलं विरजण आठवलं. आपलं दही नासलं तर शेजारच्या वहिनींकडे वाटी घेऊन जायचं, आणि ते दही मूळचं आपल्याच विरजणाचं असायचं. घरातली चांगली वस्तू वाटून ठेवली की ती खऱ्या अर्थाने सुरक्षित राहते, हे आपल्या सासवांना माहीत होतं.

विद्येचंही तसंच. इंडोनेशियातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर अशी टाकी टिकवून दाखवली आणि १९६१ साली आपली रीत एका अमेरिकन मासिकात छापून सगळ्यांना सांगितली. आजही ही माणसं काही लपवत नाहीत. काही प्रवाळांमध्ये भयंकर विष असतं, ते दगड कधी उकळू नका, हातमोजे घातल्याशिवाय घासू नका, हे प्रत्येक नवख्याला कळकळीने सांगतात.

आणि अडचणीच्या वेळी? २०१२च्या ऑक्टोबरअखेर तिकडे सँडी वादळ आलं. कित्येक घरांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज गेली की पंप थांबतो, पाण्यातला प्राणवायू संपत जातो, मग गारठा. तेव्हा मुलाची टाकी लहान होती. त्या प्लंबरकडे जनरेटर होता. त्याच्या तळघरात चार घरांचे जीव टबांमध्ये राहिले आणि माणसं आळीपाळीने जाऊन बघत होती. ज्यांच्याकडे तेही नव्हतं, ते मगाने पाणी वर उचलून खाली ओतत बसले, रात्रभर.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. हे सगळं चांगलं आहे, मग टाकी का नको?

तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणं, मारणं, छेदणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. यातला पहिलाच बंध आहे. काच कितीही स्वच्छ असली तरी तो बंधच. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक पैदास केलेले असतात, पण खाऱ्या पाण्यातल्या बहुतेक जाती अजूनही समुद्रातून पकडून आणतात. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून, मासे गुंगवून पकडण्याची वाईट प्रथा होती, ती पुरती गेलेली नाही. वाटेत किती जीव जातात याचा हिशोब विकत घेणाऱ्याच्या वहीत येतच नाही. मग त्यांचं खाणं. मुलाच्या घरात गोठवलेल्या कोळंबीवर्गातल्या बारीक जिवांची पाकिटं तळघरातल्या वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये असतात. स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाहीत हा सूनबाईचा नियम. पण वेगळ्या फ्रिजने दोष वेगळा होतो का? शिवाय टाकीत उपद्रवी जीव वाढले की ते मारावे लागतात. हे सगळं मी मुलाशी बोलले. भांडण नाही, चर्चा. तोही विचार करणारा आहे. त्याने ठरवलंय की समुद्रातून पकडलेला एकही जीव यापुढे घ्यायचा नाही. प्रवाळ फक्त मित्रांच्या तुकड्यांतून, मासे फक्त टाकीत जन्मलेले. ते आता बरेच मिळतात. नारिंगी-पांढरा क्लाउन मासा टाकीत सहज वाढतो. पिवळ्या टँग माशाची पिल्लं हवाईच्या एका संशोधन संस्थेने २०१५ साली पहिल्यांदा टाकीत वाढवली. त्याच्या घरातले जीव आता बाहेर सोडूनही चालणार नाहीत, त्यामुळे आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळणं हाच त्याचा धर्म, असं मी त्याला सांगितलं.

आपल्या देशात तर प्रश्न आणखी सोपा आहे. २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मालवणला फिरायला गेलात आणि कुणी प्रवाळाचा तुकडा विकायला आणला, तर तो घेऊ नका.

पण मैत्रिणींनो, टाकीकडे बोट दाखवताना जरा आपल्या गळ्याकडेही बघू या. मंगळसूत्रात वाट्यांशेजारी ओवलेलं पोवळं, मंगळासाठी बोटात घातलेला खडा, तो कुठून येतो? तोही समुद्राच्या तळावरून ओरबाडलेला प्रवाळच. आपल्या शास्त्रांत प्रवाळाची गणना पृथ्वीकायात केली आहे, आजचं जीवशास्त्र त्याला प्राणी म्हणतं. कुठल्याही बाजूने गेलं तरी जीवच. आजीचं पोवळं टाकून द्या असं मी म्हणत नाही. नवीन घेऊ नका, एवढंच म्हणते.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं.

मुलगा सुट्टीला जातो तेव्हा टाकी कोण बघतं? मित्रांपैकी एकजण. त्याच्याकडे घराची किल्ली असते. टाकीवर एक कागद चिकटवलेला असतो. काय नेहमीचं, काय धोक्याचं, कोणता खटका बंद करायचा, कुणाला फोन करायचा. आणि खाणं जास्त पडू नये म्हणून ते सोम-मंगळ-बुध असे कप्पे असलेल्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवलेलं असतं. हो, तीच डबी, जी आपल्यापैकी निम्म्याजणींच्या उशाशी आहे. ती माशांच्या जेवणाला वापरलेली बघून मला आधी हसू आलं, मग मात्र मी गप्प झाले.

कारण मला आपल्या गल्लीतली घरं आठवली. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. घरात एक बाई, फार तर दोघं. तिच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? तिला कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा, हे शेजारणीला माहीत आहे का? मंदिरात आपण रोज भेटतो. कुणाचा उपवास, कुणाचं पारणं, सगळं तोंडपाठ असतं. पण किल्ली विचारायचा संकोच वाटतो, आणि द्यायचाही. "कशाला कुणाला त्रास?" हे आपलं ठरलेलं वाक्य. त्या नर्सला टाकीची किल्ली देताना कुणी असं म्हणत नाही. त्यांना पक्कं माहीत असतं की वीज कधीतरी जाणारच आहे.

म्हणून माझी सूचना अशी. या चातुर्मासाच्या आधी मंडळात तीन-तीन घरांचे गट करू या. प्रत्येकीची एक किल्ली दुसरीकडे. फ्रिजच्या दारावर एक कागद, त्यावर औषधं, डॉक्टर, मुलांचे नंबर आणि वेळेतला फरकही, म्हणजे अमेरिकेतल्या मुलाला रात्री उठवायचं की नाही हा विचार करत कुणी थांबणार नाही. रोज सकाळी दहापर्यंत एकमेकींना एक निरोप. निरोप आला नाही, तर फोन न करता सरळ दारात जायचं.

मी माझी किल्ली समोरच्या काकूंना परवाच दिली. त्यांची अजून आलेली नाही. येत्या अष्टमीला मंदिरात भेटतील, तेव्हा मीच मागणार आहे.

जय जिनेंद्र.