उन्हाळ्यात गाडीचा पारा चढू देऊ नका

मे महिन्याची सुट्टी, सामानाने गच्च भरलेली गाडी, आत एसीचा गारवा आणि समोर कसारा घाटाचा चढ. नेमक्या अशा वेळी तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागतो आणि सहलीचा विरस होतो. आधीच थोडी काळजी घेतली, तर ही वेळ सहसा येत नाही.

पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यापैकी साधारण एक तृतीयांशच गाडी चालवण्याच्या कामी येते. काही उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि बरीचशी इंजिनात फिरणारे कूलंट शोषून घेते. पंपामुळे ते रेडिएटरमध्ये जाते आणि तिथे वाऱ्याने व पंख्याने निवते. एसीचा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढेच असतो. म्हणजे आतली उष्णताही तिथेच बाहेर पडते. चढावर गाडीचा वेग कमी आणि इंजिनाचे श्रम जास्त. त्यात एसीची भर पडली, की रेडिएटर अपुरा पडतो.

निघण्यापूर्वी

इंजिन थंड असताना कूलंटची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, ते पाहा. नुसते नळाचे पाणी घालू नका. त्याने आत गंज व क्षार साचतात. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट त्याच प्रमाणात वापरा. रबरी नळ्या, पट्टा आणि पंखा तपासून घ्या. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ, कचरा साफ करवून घ्या.

काटा चढलाच तर

सर्वप्रथम एसी बंद करा. भर उन्हात विचित्र वाटेल, पण हीटर पूर्ण सुरू करून काचा उघडा. हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो. तरीही काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसली, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे असते. गरम असताना ते उघडले, तर उकळते पाणी अंगावर उसळते. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो. पंख्याजवळही हात नेऊ नका. काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो.

मुलांना गाडीत ठेवू नका

उन्हात उभी केलेली गाडी भट्टीच बनते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे दिसले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते, म्हणून हा धोका जिवावर बेतू शकतो.

अशा तापलेल्या गाडीत बसताना आधी दारे-काचा उघडून गरम हवा जाऊ द्या. मिनिट-दोन मिनिटे काचा उघड्या ठेवूनच गाडी चालवा, मग एसी लावा. आत गारवा आला, की बाहेरची हवा बंद करा. मात्र लांबच्या प्रवासात ती अधूनमधून आत घेत राहा.

आणि दुकानातले काम पाचच मिनिटांचे असले, मूल गाढ झोपलेले असले, तरी त्याला उचलून सोबत न्या.