विमाने जळतात, तेव्हा नेमके काय जळते? (दीर्घ धागा)

१/ २२ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री अमेरिकेतील सॅन डिएगो येथील एअरोस्पेस संग्रहालय जळून खाक झाले. इमारत १९१५ च्या प्रदर्शनासाठी घाईने उभारलेली, तात्पुरती. पुढे साठ वर्षे ती वापरात राहिली. आग कोणीतरी लावली होती. चाळीसहून अधिक विमाने गेली आणि त्यांच्याबरोबर ग्रंथालयही.

२/ विमान म्हणजे धातू, तो कसा जळेल, असे आपल्याला वाटते. आरंभीच्या विमानांचा सांगाडा लाकडी असे. त्यावर कापड ताणून बसवत आणि ते घट्ट व्हावे म्हणून डोप नावाचा लेप देत. हा लेप बहुधा नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे जुन्या चित्रफितींचाच सख्खा भाऊ. पुढच्या काळातील विमानांत मॅग्नेशियमचे मिश्रधातू आले. ते पेटले की पाण्याने आग विझण्याऐवजी भडकते.

३/ चित्रफितींचा उल्लेख सहज केलेला नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती जळाल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवल्या होत्या, ते आजही पाहता येतात. बाकीच्यांची केवळ नावे उरली.

४/ सॅन डिएगोत लिंडबर्गच्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस'ची प्रतिकृतीही जळाली होती. सव्वा वर्षाच्या आत दुसरी उभी राहिली, कारण मूळ विमान त्याच शहरात बांधले गेले होते आणि ते बांधणाऱ्यांपैकी काही हात तोवर शाबूत होते. वस्तू गेली, पण ती घडवण्याची विद्या गेली नव्हती. मला हा भेद सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

५/ १९९० मध्ये पॅरिसजवळच्या ल बूर्जे संग्रहालयाचे साठवणीचे हँगर पेटले आणि तीन डझनांच्या आसपास विमाने गेली. १९९३ मध्ये कॅनडातील हॅमिल्टनला हरिकेन जळाले, लँकेस्टर मात्र बचावले. सगळे एका छपराखाली ठेवले, तर एक ठिणगी पुरते.

६/ आता आपल्याकडे. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथली बरीच विमाने उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभी आहेत. त्यांतील व्हॅम्पायरचा पुढचा भाग बाल्सा आणि प्लायवूडचा असतो, हे पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

७/ मुंबईत तर विमानांचे संग्रहालय तरंगतेच होते. 'विक्रांत'. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि संग्रहालय बनली. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव लोकांसाठी बंद झाली, नंतर लिलावात गेली आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तिचे तुकडे पडू लागले. गव्हाणहून अटल सेतूवरून शिवडीला उतरलात, की दक्षिणेला तो दारूखाना. त्या पोलादातून पुढे मोटरसायकल निघाली आणि आपण तिचे कौतुक केले.

८/ म्हणून आगीच्या बातमीवर हळहळणाऱ्यांना मी विचारतो: विक्रांतला कोणती आग लागली होती? पैशाचे आणि देखभालीचे कारण खरे आहे. गंजलेले जहाज सांभाळणे स्वस्त नसते. पण आगीत संस्था निदान हरते. इथे आपण निविदा काढून हरलो.

९/ हे आज लिहिण्याचे कारण गव्हाणच्या शेजारीच आहे. उलवे टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून, दहा गावे हलवून नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. उद्या तिथे एखादे जुने विमान चबुतऱ्यावर चढवतील आणि त्यालाच संग्रहालय म्हणतील. मला ते अपुरे वाटते.

१०/ आधी कागद हवेत. कोपर, चिंचपाडा, कोल्ही, तरघर, वाघिवली या गावांचे गावठाण नकाशे आणि सातबारे, टेकडी कापण्यापूर्वीची छायाचित्रे, धावपट्टीचे आराखडे, जुहूला १९२८ पासून विमाने उतरत आली, तिथल्या नोंदवह्या. प्रत्येकाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या शहरांत. हँगर नंतर बांधता येईल. पण गावठाण आठवणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्यांच्या घरात असे कागद ट्रंकेत पडून आहेत, त्यांनी निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि इथे कळवावे.