धनको आणि ऋणको यांच्यामध्ये हा तिसरा कोण?

चिखलीहून खामगावास जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर आहे. तेथील आमच्या एका वाचक बंधूने आम्हास एक प्रश्न घातला आहे. घरी चार एकर कोरडवाहू जमीन, जोडीला वाडवडिलांपासूनची सुतारकी. सोयाबीनने लागोपाठ दोन वर्षे दगा दिला, मधेच मुलीचे लग्न उरकावे लागले. बघता बघता एका बँकेचे, एका फायनान्सचे आणि घरच्या बाईच्या नावावरचे गटाचे, असे मिळून दोन लाखांचे देणे अंगावर आले. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, दारात मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. अशा वेळी एके दिवशी मोबाईलवर गोड आवाज आला: ‘‘दादा, तुमचे सगळे कर्ज आम्ही निम्म्यात मिटवून देतो. उद्यापासून हप्ते भरू नका. बँकेचा फोन उचलू नका, आमचा वकील बोलेल. तुम्ही दरमहा पाच हजार तेवढे आमच्याकडे भरत जा.’’ ह्या कंपनीवर विश्वास टाकावा की न टाकावा, असे बंधू विचारतात. पहिले पाच हजार येत्या सोमवारी मागितले आहेत.

प्रश्न एका घरचा नाही. असे फोन आता गावोगाव येतात, म्हणून उत्तर जाहीरपणे देतो. आमचे मत आडपडदा न ठेवता सांगतो: विश्वास टाकू नये. का टाकू नये, ते आता ऐकावे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जो माणूस अशा फोनला भुलतो, तो मूर्ख म्हणून भुलत नाही. चार लोकांत अब्रू जाण्याच्या भयाने तो अर्धमेला झालेला असतो. वसुलीवाला सासुरवाडीस फोन करतो, शेजाऱ्यास सांगतो, बाईमाणसाशी वेडेवाकडे बोलतो. त्यात कोणी ‘‘तुम्ही आता निवांत झोपा’’ असे म्हटले, तर त्या एका वाक्यासाठी माणूस पाच हजार द्यायला तयार होतो. म्हणजे ही कंपनी कर्जाची तडजोड विकतच नाही, ती झोप विकते. पण विकत घेतलेली झोप किती दिवस पुरणार, ह्याचा हिशेब फोनवर कोणी सांगत नाही. तो आपण मांडू.

उदाहरणादाखल देणे दोन लाखांचे धरा आणि व्याज सालीना शेकडा २४ धरा. कंपनीने सांगितले म्हणून दोन वर्षे हप्ते बंद केले. सरळ व्याजानेच देणे ९६,००० रुपयांनी वाढून २,९६,००० झाले. दंड व नोटिशीचा खर्च आम्ही धरलाच नाही. मग बँक खरोखरच निम्म्यावर आली असे समजू. निम्मे म्हणजे १,४८,०००. कंपनीची फी मूळ कर्जाच्या शेकडा १२ धरली तर २४,०००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२०. एकूण बेरीज १,७६,३२०. म्हणजे ‘‘निम्म्यात मिटवतो’’ म्हणून निघालेली गाडी दोन लाखांच्या कर्जापोटी पावणेदोन लाखांच्या पुढे जाऊन थांबली. आणि बँक निम्म्यावर आलीच नाही तर? बँकेवर तशी कोणतीही सक्ती नाही. मग पुरते २,९६,००० डोक्यावर आणि फी कंपनीच्या खिशात. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तर तुमचा, असा हा सौदा आहे.

पैशाखेरीज आणखी जे जाते, तेही पाहावे. बँकेला दिलेला चेक वा खात्यातून कापला जाणारा हप्ता परत गेला, तर धनको फौजदारी फिर्याद करू शकतो. ‘‘हप्ते बंद करा’’ म्हणणारा त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणार नाही, तुम्ही राहाल. गटाचे कर्ज थकले तर कंपनीचा वकील गटातील इतर बायकांची समजूत घालायला येणार नाही. ज्या बायकांनी तुमच्या घरासाठी जामीनकी पत्करली, त्याच उद्या तुमच्या अंगणात येऊन बसतील. पीककर्जाचे तर विचारूच नका. आमच्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने व्याज सवलतीची योजना आहे. तिच्यामुळे २०२१ सालापासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास बिनव्याजी पडते. एका अनोळखी आवाजाच्या सांगण्यावरून ही सवलत आपल्या हाताने घालवायची काय? शिवाय तडजोडीने मिटलेले कर्ज पतनोंदीत ‘पूर्ण फेडले’ असे लिहिले जात नाही, ‘तडजोडीने मिटले’ असे लिहिले जाते. तो शेरा पुढील कर्जाच्या वेळी कित्येक वर्षे आडवा येतो.

मग ह्या कंपन्यांना विचारणारा कोणी आहे काय? सावकारास परवाना लागतो. बँकेस व फायनान्सला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. पण ‘कर्ज मिटवून देतो’ म्हणणाऱ्यास असा स्वतंत्र परवाना नाही. पाटी लावली की धंदा सुरू! खुद्द रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी जाहीर इशारा दिला की, कर्जमाफीच्या नावाने फसव्या जाहिराती चालल्या आहेत, काही मंडळी फी घेऊन कर्जमाफीचे दाखले देतात आणि त्यांना तसा काडीचाही अधिकार नाही. अमेरिकेत हा धंदा आपल्या आधी फोफावला. तेथे इतक्या लोकांचे हात पोळले की, सरकारला २०१० साली नियम करावा लागला. फोनवरून गिऱ्हाईक गाठणाऱ्या अशा कंपनीने एकाही कर्जाची तडजोड प्रत्यक्ष होण्यापूर्वी फी घेता कामा नये, असा तो नियम आहे. ज्यांच्या देशात वकिलांची वाण नाही, त्यांनाही असा बंदोबस्त करावा लागला. मग आम्ही आधी पैसे मोजून मागून वाट का पाहावी?

तडजोड वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. तडजोड ही आमच्या वऱ्हाडास नवी नाही. १९३३ साली, डॉ. पंजाबराव देशमुख मंत्री असताना, मध्यप्रांतात कर्जाच्या तडजोडीसाठी कायदा झाला आणि त्याखाली मंडळे बसली. पुढे १९३९ साली मध्यप्रांत व वऱ्हाडाचा ऋणविमोचनाचा कायदा आला. त्या मंडळांचे काम कसे चाले? सावकार आणि कुळ समोरासमोर बसत. कागद उघडा होई. मुद्दल किती, व्याज किती, हे दोघांच्या देखत ठरे आणि ठरलेले सरकारी दप्तरात नोंदले जाई. आजच्या कंपनीची रीत नेमकी उलटी आहे. धनकोशी बोलू नका, हे तिचे पहिले वाक्य. ऋणको आणि धनको यांना एकमेकांचे तोंड दिसू द्यायचे नाही, ह्यातच तिची भाकरी आहे.

सत्यशोधकांच्या घरात वाढलेल्या वाचकांना हे सोंग ओळखीचे वाटेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली समाज स्थापला, तेव्हा पहिली शिकवण हीच दिली की, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. तुझी प्रार्थना तुझ्या तोंडाने कर, तुझे लग्न तुझ्या माणसांकरवी लाव. दलाल म्हणे, ‘‘मंत्र तुला येत नाही, देव तुझे ऐकणार नाही, दक्षिणा मजजवळ ठेव.’’ आजचा दलाल म्हणतो, ‘‘कायदा तुला कळत नाही, बँक तुझे ऐकणार नाही, फी मजजवळ ठेव.’’ सोवळे जाऊन कोट आला, पोथी जाऊन मोबाईल आला, दक्षिणा मात्र आधी घेण्याची चाल राहिली! ज्या घराने पुरोहितावाचून लग्न लावण्याची छाती केली, त्या घराने बँकेच्या मॅनेजरपुढे उभे राहण्यास का कचरावे?

तर मग करावे काय? नुसते ‘जाऊ नका’ म्हणून आम्ही मोकळे होणार नाही.

पहिले काम, सगळे देणे एका कागदावर मांडावे. कोणाचे, मुद्दल किती, व्याजाचा दर काय, गहाण काय. प्रत्येक बँकेकडून व फायनान्सकडून खातेउतारा मागून घ्यावा. घरातील शिकलेल्या मुलीला वा मुलाला जवळ बसवून हा हिशेब करावा, त्यांच्यापासून लपवू नये.

दुसरे, बँकेत स्वतः जावे आणि लेखी अर्ज द्यावा. पीक बुडाले असेल व सरकारने आपत्ती जाहीर केली असेल, तर कर्जाचे पुनर्गठन मागावे. ते जमण्यासारखे नसेल आणि खाते थकीतच गेले असेल, तर एकरकमी तडजोड मागावी. हिलाच बँकवाले ओटीएस म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी प्रत्येक बँकेस तडजोडीचे धोरण ठरवून ठेवण्यास सांगितले आहे. तेव्हा तडजोड मागणे ही भीक नव्हे. जे ठरेल ते बँकेच्या शिक्क्याच्या कागदावर घ्यावे, पैसे कर्जखात्यातच भरावे आणि शेवटी बेबाकी दाखला हाती आल्यावाचून उठू नये.

तिसरे, बँक ऐकत नसेल तर चिखलीच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जावे आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करावी. तेथे कोर्ट फी नाही. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना व अल्प उत्पन्नाच्या माणसांना वकीलही फुकट मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. १९३३ सालच्या मंडळांची आठवण करून देणारे समोरासमोर बसण्याचे ठिकाण आज हेच आहे.

चौथे, वसुलीवाल्याच्या धाकाला हद्द आहे, ती माहीत असावी. त्याने सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गटाच्या लहान कर्जास तर सकाळी ९ ते सायंकाळी ६ एवढीच मुभा आहे. शिवीगाळ, नातेवाईकांना त्रास, चारचौघांत पाणउतारा, हे सारे मना आहे. तक्रार आधी त्या बँकेकडे वा फायनान्सकडे लेखी करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनामूल्य करता येते. त्याचा क्रमांक १४४४८.

पाचवे, ‘‘तुझे घर जप्त करतो, तुझी हत्यारे उचलून नेतो’’ ह्या धमकीने गांगरू नये. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरती जनावरे, बी-बियाणे आणि शेतकऱ्याचे राहते घर कोर्टाच्या जप्तीतून वगळले आहे. सुताराचा रंधा आणि लोहाराची ऐरण आजही कायद्याच्या पदराखाली आहे. जे गहाण लिहून दिले त्याची गोष्ट निराळी, म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचावा. आणि देण्यात खासगी सावकार असेल तर २०१४ सालचा महाराष्ट्र सावकारी कायदा पाहावा. सावकाराला मुद्दलाहून अधिक व्याज घेता येत नाही. बिनपरवाना सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

‘‘हे सर्व बोलायला ठीक, पण गरिबाचे तेथे ऐकतो कोण?’’ असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात २००६ साली एका शेतकऱ्याची सावकारीविरुद्धची फिर्याद नोंदली जाऊ नये म्हणून खुद्द मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून पोलिसांकडे शब्द गेला होता. पण तो शेतकरी दलालाकडे गेला नाही, न्यायालयात गेला. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारवर दहा लाखांचा भुर्दंड बसविला. वाट लांबची आहे खरी. परंतु जी वाट लांबची आहे ती वाट तरी आहे. फोनवरची वाट विहिरीत जाते.

अमडापूरच्या बंधूस एवढ्यानेही कंपनीचा मोह सुटत नसेल, तर सोमवारी तिला तीनच प्रश्न विचारावे. तडजोड होऊन बेबाकी दाखला हाती येईपर्यंत एक पैही न घेण्याचे लिहून देता काय? बँकेशी बोलणे माझ्यासमोर कराल काय? बँकेने नकार दिला तर वाढलेले व्याज कोण भरणार? तिन्हींची उत्तरे सही-शिक्क्यानिशी कागदावर मिळाली, तर पुढचा विचार करता येईल. आमचा अंदाज असा की, पहिल्याच प्रश्नाला फोन बंद होईल.

गावच्या मंडळींसही आमचे एक सांगणे आहे. कर्ज हे पाप नव्हे. पाऊस न पडल्याने झालेले देणे लपवायचे कशाला? आपण एकमेकांपासून लपवतो, म्हणूनच परका माणूस आपल्या अंधारात दुकान थाटतो. दोनचार शिकलेल्या पोरांनी महिन्यातून एक रात्र पारावर वा शाळेत बसावे, ज्याचे त्याचे कागद वाचून द्यावे, अर्ज लिहून द्यावे, आणि बँकेत जाताना सोबत जावे. बँकेत एकटा गेलेला माणूस दबतो, चौघे गेले की मॅनेजर खुर्ची देतो. ह्याला फी लागत नाही.

बंधू, सोमवारचे ते पाच हजार खिशात घालावे, सोबत एक विश्वासाचा माणूस घ्यावा आणि थेट बँकेची पायरी चढावी. ज्याचे देणे आहे त्याच्या तोंडाकडे पाहून बोलावे. तिसऱ्याला मध्ये घेऊ नये.