एलएमजीवाल्याचं नाव कुणाला माहीत आहे?

जुलै लागला की गावाकडून फोन सुरू होतात. २६ तारखेला कारगिल विजय दिवस आहे, शाळेत चार शब्द बोलायला येता का? सुट्टीवर असलो तर जातो. चहा-पोहे होतात, शाल-नारळ होतो, आणि माझ्या आधीचा वक्ता माईक धरून सांगतो की आपले जवान छाती पुढे करून गोळ्यांच्या वर्षावात धावत गेले. टाळ्या पडतात. माझं भांडण या एका वाक्याशी आहे. काही माजी सैनिकांना राग येईल. येऊ दे.

छाती पुढे करून कुणी धावत नाही. धावलाच तर दहा पावलांत पडतो, आणि त्याला उचलून आणायला आणखी दोघांना उघड्यावर यावं लागतं. फायर आला की पहिली गोष्ट आडवं पडणं. दुसरी, पडलो तिथून लगेच बाजूला सरकणं, कारण कुठे पडलो ते समोरच्याने पाहिलेलं असतं. तिसरी, आड शोधणं. आड दोन तऱ्हेची, नजरेची आणि गोळीची. झुडूप, गवत, धूर ही नजरेची. खडक, शेताचा बांध, जमिनीतला खळगा ही गोळीची. नवा पोरगा झुडपामागे पडून खूश असतो. तो दिसत नाही हे खरं, पण गोळी झुडपाला विचारून येत नाही.

आता पुढे जायचं कसं? सेक्शनमध्ये दहा माणसं. त्यातली काही जमिनीला चिकटून फायर करतात, एलएमजी त्यांच्याकडे. बाकीची उठतात. उठलं की मनात तीनपर्यंत मोजायचं आणि परत जमिनीवर. समोरच्याला तुम्ही दिसायला, रायफल वळवायला, शिस्त घ्यायला (आमच्याकडे नेम धरण्याला शिस्त घेणं म्हणतात) आणि ट्रिगर दाबायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पुढच्या वेळी उठायचं ते त्याच जागेवरून नाही, दोन हात सरकून. असं अर्धे पुढे गेले की ते पडून फायर करणार आणि मागचे उठणार. फायर आणि मूव्ह म्हणतात ते हेच. फायर शब्द आधी येतो, मूव्ह नंतर. फायर नसेल तर मूव्ह नाही.

म्हणजे धावणाऱ्याचा जीव धावणाऱ्याच्या पायांत नसतो. तो मागे पोटावर पडलेल्या एलएमजीवाल्याच्या बोटात असतो. त्याचं काम शत्रूला मारणं असतंच असं नाही, त्याचं डोकं खाली दाबून ठेवणं एवढंच असतं. ऐकायला सोपं वाटतं. पण तो मधोमध बसला तर आपलीच माणसं त्याच्या नेमाच्या आड येतात, म्हणून त्याला बाजूला जागा घ्यावी लागते. आपली माणसं पुढे सरकतात तसा त्याला फायर त्यांच्या पुढे-पुढे सरकवावा लागतो. लवकर सरकवला तर शत्रू डोकं वर काढतो, उशिरा सरकवला तर आपलाच भाऊ जातो. इन्सास एलएमजीच्या मॅगझिनमध्ये ३० राउंड. मॅगझिन बदलायच्या त्या क्षणांत कुणी उघड्यावर असता कामा नये, म्हणून किती राउंड उरले याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू राहायला हवा, कानात कितीही आवाज असो. आणि सगळ्यांत मोठा आवाज त्याच्याच हत्याराचा, म्हणजे शत्रूला सगळ्यांत आधी संपवायचा असतो तोही त्यालाच.

२०२० मध्ये १६,४७९ नेगेव्ह एलएमजींचा करार झाला तेव्हा वजन, रेंज, किंमत यांवर रकाने भरून आले. ती चालवणाऱ्या माणसावर एक ओळ मला कुठे दिसली नाही.

कारगिलचंच घ्या, कारण टाळ्या त्याच नावावर पडतात. १९९९ च्या मे महिन्यात तोलोलिंगवर आपले सुरुवातीचे हल्ले झाले तेव्हा वरच्या मशीनगन शाबूत होत्या आणि चढ उघडा होता. १८ ग्रेनेडियर्सच्या माणसांची हिंमत कमी होती असं म्हणायची कुणाची छाती आहे? तरीही ते चढावर अडकून पडले, खूप माणसं गेली. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने तोलोलिंग घेतलं, त्याआधी तोफखान्याने ते शिखर भाजून काढलं होतं. बोफोर्स थेट नळीतून दिसणाऱ्या बंकरवर लावल्या होत्या. पुढे टायगर हिलला त्याच ग्रेनेडियर्सचे जवान रात्री अशा कड्यावरून चढले जिथून कुणी येईल असं वरच्यांना वाटलं नव्हतं. अंधार ही आड, कडा ही आड, आपल्या तोफांचा गोळा ही आड. हिंमत मेमध्येही तीच होती आणि जुलैमध्येही तीच.

तोफखान्याचं हे ऋण मान्य करायला आपल्याला २०२२ साल उजाडलं. त्या वर्षी द्रासच्या पॉइंट ५१४० ला गन हिल नाव दिलं.

आपल्या मराठी माणसाला हे जास्त समजायला हवं. ज्यांच्या इतिहासात गनिमी कावा आहे, उंबरखिंड आहे, त्यांनी तरी उघड्यावरच्या मरणाचे गोडवे गाऊ नयेत. पण होतं उलटंच. उंबरखिंडीत १६६१ मध्ये कारतलबखानाला जंगलात अडकवून शरण यायला लावलं, ती लढाई किती पोरांना नीट सांगता येते? नेसरी मात्र सगळ्यांना पाठ. प्रतापराव गुजरांच्या पराक्रमापुढे मी मान झुकवतोच. पण एक सैनिक म्हणून हिशेब मांडतो: १६७४ च्या त्या दिवशी स्वराज्याचा सरनौबत गेला आणि बहलोलखान तसाच राहिला.

नाईक यशवंत घाडगे यांचंही तसंच होतं. रायगडातल्या माणगाव भागातले, ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जवळून मशीनगनचा फायर आला आणि त्यांचा सगळा सेक्शन मेला किंवा जखमी झाला. ते एकटे धावले, एवढं सगळे सांगतात. त्यांनी आधी ग्रेनेड टाकून ती मशीनगन गप्प केली, मग टॉमीगन चालवली, हे भाषणात गळतं. शेवटी ते गेले ते स्नायपरच्या गोळ्यांनी. त्यांना कव्हर द्यायला मागे कुणी उरलेलंच नव्हतं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

कुणी म्हणेल, शेवटचे वीस-पंचवीस मीटर तरी धावावंच लागतं ना? लागतं. तिथे आपला फायर थांबवावा किंवा उचलावा लागतो, संगीन लागते, जयजयकार लागतो, छातीही लागते. त्यात खोटं काही नाही. पण त्या पंचवीस मीटरपर्यंत माणूस जिवंत पोचला कसा, हे न सांगता फक्त शेवट सांगणं म्हणजे जेवणाचं कौतुक करताना चुलीचं नाव न घेणं.

या भाषणांची किंमत आम्ही ट्रेनिंगमध्ये मोजतो. भरतीच्या अकॅडमीत पोरगा वर्षभर १६०० मीटर पळून येतो. पळायलाच हवं. पण इन्फंट्री म्हणजे पळणं हे डोक्यात पक्कं करूनच तो येतो, आणि ‘एलएमजी कोण घेणार?’ विचारलं की सगळे बुटांकडे बघतात. मग ती अंगाने आडव्या पोराच्या खांद्यावर जाते, नेमाने चांगल्याच्या नाही. आम्हीही काही कमी नाही. एका ठिकाणी पाहुण्यांसाठी हल्ल्याचा डेमो होता. ब्लँक राउंड, रंगीत धूर, पोरं एका रांगेत सरळ धावत शामियान्यापर्यंत. एलएमजी कुठे लावली होती ते पाहुण्यांना दिसलंच नाही, कुणी विचारलंही नाही. त्या डेमोच्या तालमीत जे आठवडे गेले त्यात पोरांना खऱ्या राउंडवर, खऱ्या चढावर, एकमेकांच्या फायरखाली सरकायला शिकवता आलं असतं. चांदमारीत सपाट जमिनीवर आडवं पडून कागदाला भोक पाडणं वेगळं, आणि शेजारून मित्र धावतोय हे माहीत असताना ट्रिगर दाबणं वेगळं.

तेव्हा या २६ जुलैला आमच्यासारख्या बोलक्या माणसांना बोलावू नका. तुमच्या तालुक्यात एखादा जुना एलएमजीवाला नक्की असेल, त्याला शोधा. भाषण त्याला जमणार नाही. मुलांना त्याच्याभोवती जमिनीवर बसवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा: पुढचा मित्र उठला तेव्हा तुम्ही काय करत होता? विचारणाऱ्याला त्याच्या उजव्या हाताला बसवा. बहुतेकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.